आठ जणांची योगासनं, मान्यतेस्तव सादर

रस्सीखेचीत सगळ्यात शेवटी जो उभा असतो, त्याच्याबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत. त्यांना वाटतं, जाडा माणूस दिसला की त्याच्या कमरेला दोर गुंडाळायचा, 'बस खाली' म्हणायचं, झालं काम. तसं नसतं हो. शेवटच्या गड्याला डोकं लागतं. पुढचे सात जण घसरायला लागले की कुठल्या पायावर भार द्यायचा, टाच कधी रोवायची, हे त्याला मागच्या मागे ठरवावं लागतं, कारण पुढे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ. मी गेली अकरा वर्षं आमच्या शाखेचा शेवटचा गडी आहे. वजन शहाण्णव किलो. घरात या शहाण्णव किलोंवरून मी रोज बोलणी खातो. वर्षातून एकच दिवस त्यांना मान मिळतो, तो मैदानात. त्यामुळे या पदाबद्दल मी जरा हळवा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता त्या अकरा वर्षांत आम्ही किती वेळा जिंकलो, असं कुणीतरी विचारतंच. एकदाही नाही. ऑफिसच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत आमची पत्रव्यवहार शाखा दरवर्षी अंतिम फेरीत पोचते आणि दरवर्षी आस्थापना शाखा आम्हाला ओढून रेषेपलीकडे नेते. रस्सीखेच खेळणाऱ्या शाखा दोनच आहेत, त्यामुळे अंतिम फेरीत पोचणं तितकंसं अवघड नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आमचे कप्तान म्हणजे ऑफिसचे भांडारपाल. टाचणीपासून टेबलापर्यंत सगळं स्टोअरमधून देणारा माणूस. अंगाने काडी. पण दोराला एकदा हात घातला की हात सुटेल, दोर सुटणार नाही, असा हट्ट. दरवर्षी हरल्यावर ते कपडे झटकतात आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. यंदा पुढचं वर्ष नव्हतं. स्पर्धा सत्तावीस तारखेला आणि कप्तानांची निवृत्ती तीस तारखेला. दोन महिने आधी चहा पिता पिता ते मला हळूच म्हणाले, "एकदाच रे. फक्त एकदा जिंकून जावं असं वाटतं." एवढंच. मी कपात तोंड घातलं आणि म्हणालो, "कप्तान, यंदा ओढतोच."

आणि त्याच संध्याकाळी सरावाला दोर उचलायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

काटकोनात. वरही येता येईना, खालीही जाता येईना. टॅक्सीत मला घडी न मोडता ठेवण्यात आलं. चालकाने दोनदा विचारलं, "साहेब, खाली काही पडलंय का?" इमारतीचा जिना मी जमिनीकडे बघत चढलो. अठरा वर्षं त्या इमारतीत राहतोय, पण पायऱ्यांवर किती केर असतो ते त्या दिवशी कळलं.

दार उघडताच बायको म्हणाली, "काय शोधताय?"

पाठ धरल्याची बातमी इमारतीत पसरायला जाहिरात लागत नाही. वरच्या मजल्यावरचे मास्तर पहिले आले. ते शाळेत छत्तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेत, पण शिट्टी निवृत्त झालेली नाही, ती अजून गळ्यात असते. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, "पाठ नाही ही. पोटरी आहे." मी म्हणालो, "मास्तर, दुखतंय पाठीत." तर म्हणे, "दुखणारच. पण आहे पोटरी." मग समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या. त्यांच्या भावाला असंच झालं होतं आणि तो महिनाभर उलटा चालला. बरा झाला का? नाही, पण एका गाडीखाली येता येता वाचला, तेव्हापासून पाठीचं दुखणं त्याला किरकोळ वाटायला लागलं. मी काटकोनात उभा राहून सगळ्यांचे आभार मानले. त्या आसनात माणूस नम्रच दिसतो.

शेवटी बायकोने तिच्या योगाच्या बाईंना बोलावलं. बाई पन्नाशीच्या, आवाज हळू, नजर मात्र कापणारी. त्यांनी मला आडवं केलं, एक पाय उचलला. पाय वीतभर वर आला आणि मी ओरडलो.

"काय खेळता?" बाईंनी विचारलं.

"रस्सीखेच," मी म्हणालो. बायको हसली. बाई हसल्या नाहीत, म्हणून मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

"माझ्याकडे धावणारी मुलं येतात," त्या म्हणाल्या, "पोहणारी येतात, थाळीफेकवाले येतात. सगळ्यांची एकच गत. खेळाला लागतात तेवढेच स्नायू वापरून वापरून दगड करायचे आणि बाकीचं शरीर वाऱ्यावर सोडायचं. तुम्ही अकरा वर्षं नुसतं मागे ओढताय. पुढे वाकणं, कंबर मोकळी करणं, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, यातलं काही शिकवलंत का शरीराला? मग एक दिवस ते संपावर जातं."

दहा दिवसांत संप मिटला. मी नुसता सरळ झालो असं नाही, माझे हात गुडघ्यांच्या खाली पोचायला लागले. माझी पायांशी इतक्या वर्षांत तेवढी जवळीक झाली नव्हती. मी धावत, म्हणजे भरभर चालत, कप्तानांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कप्तान विचारात पडले. मग डोळे चमकले.

"आठही जणांना करू दे," ते म्हणाले. "रोज जेवणाच्या सुट्टीत. पण या कानाची खबर त्या कानाला लागता कामा नये. आस्थापनाला कळलं तर संपलं."

"कळायचं काय कारण?" मी म्हणालो.

आता जागा हवी. तिसऱ्या मजल्यावर एक रिकामं सभागृह आहे. मोडक्या खुर्च्या काढल्या की आठ माणसं सहज आडवी होतील. शहाण्या माणसाने काय केलं असतं? किल्ली सांभाळणाऱ्या शिपायाला गाठून चहा पाजला असता. पण मी पत्रव्यवहार शाखेचा मुख्य लिपिक. बावीस वर्षांत मी पंख्याची दिशासुद्धा अर्जाशिवाय बदललेली नाही. मी अर्ज केला. 'जेवणाच्या सुट्टीत आठ कर्मचाऱ्यांना योगासने करण्यासाठी सभागृह उपलब्ध करून मिळणेबाबत. मान्यतेस्तव सादर.' फार सुबक अर्ज होता. आणि अर्जाच्या तळाशी, बावीस वर्षांच्या सवयीने, माझ्या हाताने मला न विचारता लिहिलं: 'प्रत माहितीसाठी: अधीक्षक, आस्थापना शाखा.'

सभागृहाची मान्यता तीच शाखा देते, त्यामुळे प्रत पाठवली नसती तरी मूळ अर्ज तिथेच जाणार होता. म्हणजे आमची गुप्त तयारी आम्ही शत्रूला दोन प्रतींत कळवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कप्तानांना मी हे दोन दिवस सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज शेरा घेऊन परत आला, तेव्हा सांगावं लागलं.

आस्थापना शाखेचे अधीक्षक हेच त्यांच्या संघाचे कप्तान. ऑफिसात त्यांना शेरेबहाद्दर म्हणतात. लग्नाची पत्रिका हातात दिली तरी कडेला 'पाहिले' लिहून परत करणारा माणूस. आमच्या अर्जावर त्यांचा हिरव्या शाईतला शेरा होता: 'योगासनांचा रस्सीखेचीशी संबंध काय, याचा सविस्तर खुलासा व्हावा.'

"अर्जात रस्सीखेचीचं नाव तरी होतं का?" कप्तानांनी विचारलं.

"नव्हतं."

"मग त्यांना कसं कळलं?"

"आठ कर्मचाऱ्यांची यादी जोडली होती," मी म्हणालो. "उभे राहण्याच्या क्रमाने."

कप्तानांनी कपाळाला हात लावला.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण 'सविस्तर खुलासा व्हावा' हे शब्द वाचले की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. टिपणी लिहिण्यात माझा हात धरणारा या ऑफिसात कुणी नाही. मी योगाच्या बाईंना चार संध्याकाळी बसवून प्रश्न विचारले आणि अकरा कलमांची टिपणी लिहिली. कलम तीन, कमरेचे सांधे मोकळे झाल्यास खेळाडूस अधिक खाली बसून ओढता येते. कलम पाच, एकाच दिशेने ताणलेल्या स्नायूंस उलट ताण दिल्याने दुखापती टळतात. कलम सात तर माझं लाडकं होतं: आठही खेळाडूंनी नाकाने एकाच वेळी दीर्घ श्वास घ्यावा व तो सोडताना एकाच वेळी ओढावे, जेणेकरून आठ जणांचे बळ एकवटेल. बायकोने टिपणी वाचली आणि म्हणाली, "एवढं कळतं तुम्हाला, तर कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा का नाही निघत?" पण तिलाही आवडली होती, हे मला दिसलं.

टिपणी गेली. आठवड्याने दुसरा शेरा आला: 'शवासन हे कार्यालयीन वेळेत झोपणे या सदरात मोडते किंवा कसे?' मी दीड पानाचं उत्तर दिलं, त्यात झोप आणि शवासन यांतला फरक घोरण्याच्या निकषावर स्पष्ट केला. मग तिसरा शेरा: 'आठ व्यक्ती एकाच वेळी आडव्या झाल्यास मजल्यावर येणाऱ्या भाराबाबत बांधकाम शाखेचे अभिप्राय घ्यावेत.' बांधकाम शाखेने प्रत्येकाचं वजन लेखी मागितलं. माझं शहाण्णव त्यांनी सुरक्षेच्या दृष्टीने शंभर धरलं आणि तो कागद सात टेबलांवरून फिरला. चहावाल्याने मला त्या दिवशी न विचारता बिनसाखरेचा चहा दिला. मी तो प्यायलो. पण लागायचं ते लागलं.

मग सगळं शांत झालं. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. विचारलं की उत्तर यायचं, 'विचाराधीन आहे.' स्पर्धेला तेरा दिवस उरले, तेव्हा मला राहवेना. निदान सभागृह आतून झाडून घ्यावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार आतून बंद. दाराला काचेची एक लहानशी चौकट आहे. मी डोळा लावला.

आत आस्थापना शाखेचे आठ जण एका ओळीत पाय ताणून बसले होते आणि झुकून अंगठे धरत होते. अंगठे! त्यांच्यामधून योगाच्या बाई फिरत होत्या. माझ्या बाई! आणि शेरेबहाद्दर एका हाताने अंगठा धरून दुसऱ्या हातातला कागद मोठ्याने वाचत होते: "कलम सात. आठही खेळाडूंनी नाकाने एकाच वेळी..."

मी दार बडवलं. शेरेबहाद्दरांनी उघडलं. गडी चांगला तरतरीत दिसत होता.

"या या," ते म्हणाले. "काय टिपणी लिहिलीत हो! इतकी पटली, की आम्ही ताबडतोब अंमलबजावणी सुरू केली. तीन आठवडे झाले. माझी तर मान मोकळी झाली."

"आणि आमचा अर्ज?"

"विचाराधीन आहे."

मी बाईंकडे बघितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "टिपणीत माझं नाव वाचून यांनी बोलावलं, मी आले. तुम्ही चार दिवस मला नुसतं विचारत होतात. बोलावलंत कुठे?"

आम्ही पीठ दळलं आणि त्यांनी खाल्लं. स्टोअरमध्ये जाऊन मी कप्तानांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिळ्यांच्या खोक्यात बघत राहिले आणि म्हणाले, "अकरा वर्षं ते जोरावर जिंकले. यंदा तुझ्या अकलेवर जिंकतील."

मी त्या रात्री जेवलो नाही. बायकोने वजनावरून एक अक्षर काढलं नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. शेवटी तीच म्हणाली, "आपल्या गच्चीला कुणाची मान्यता लागते?"

लागत नव्हती! हे मला महिनाभर सुचलं नव्हतं, कारण त्यात अर्ज नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे आठही जण आमच्या गच्चीवर हजर झाले. योगाच्या बाईही आल्या. "मला दोन्ही सारखेच," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? त्यांची कंबर तुमच्यापेक्षा खूप मोकळी आहे."

बारा दिवसांत काय होणार? बाईंनी जमेल तेवढं केलं. आम्हाला खाली बसवलं, वाकवलं, पाय फाकवून उभं केलं. तिसऱ्या नंबरचा गडी पाण्याच्या टाकीला धरून मागे वाकला आणि टाकी व भिंत यांच्या मध्ये अडकला. त्याला काढायला सहा जण लागले. मास्तर रोज येऊन शिट्टी वाजवायचे, बाई 'हळूहळू श्वास' म्हणाल्या की हे 'एक साथ!' ओरडायचे. परिणामी एकत्र श्वास घेणं काही आम्हाला जमेना. आठ जण आठ तऱ्हांनी श्वास घ्यायचे. गच्चीवर जुनी इंजिनं उभी केल्यासारखा आवाज यायचा. "सोडा तो नाद," बाई हताश होऊन म्हणाल्या. "आपापला घ्या. नुसतं खाली बसायला शिका."

पाचव्या दिवशी आम्ही शवासनात होतो. डोळे मिटलेले, हातपाय सैल, आठ जण एका ओळीत. बाई लवकर गेल्या होत्या. मास्तर एका टोकाला मान खाली घालून उभे होते. समोरच्या काकू कपडे वाळत घालायला त्यांच्या गच्चीत आल्या आणि त्यांनी हे दृश्य बघितलं. पाव तासात जिन्यावर बुटांचा धाडधाड आवाज आला. मी एक डोळा उघडला. डोक्याशी पांढऱ्या कपड्यातले दोन जण धापा टाकत उभे, हातात एक स्ट्रेचर.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"सगळेच," मास्तर म्हणाले.

"आठ?" ते दोघं स्ट्रेचरकडे बघायला लागले. खाली गाडीभोवती सगळी गल्ली जमली होती. आम्ही आठ जण चालत खाली उतरलो, तर लोक चक्क हिरमुसले. काकू मात्र रडत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "मला वाटलं, बरोबरच गेलात हो सगळे." मी म्हणालो, "काकू, सत्तावीस तारखेपर्यंत नाही."

सत्तावीस तारीख उजाडली. सकाळी टेबलावर हिरव्या शाईतला कागद होता: 'जेवणाच्या सुट्टीत सभागृह वापरण्यास आजपासून मान्यता देण्यात येत आहे.' वरातीमागून घोडं! मी कागदाची घडी घातली आणि खिशात कोंबली.

मैदानावर सगळं ऑफिस. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. माझ्या कमरेला दोर बांधला. पुढे सात पाठी, सगळ्यात पुढे कप्तान आणि त्यांच्या समोर, रेषेपलीकडे, शेरेबहाद्दर. मोठ्या साहेबांनी रुमाल खाली केला.

पहिली फेरी फार वेळ चालली नाही. असं वाटलं, दोराला माणसं नाहीत, ट्रक बांधलाय. क्षणभर ढिला पडायचा आणि मग एकदम हिसका. ढील, हिसका. ढील, हिसका. चौथ्या हिसक्याला मी पोटावर आपटून गवतावरून सरकत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. माझं कलम सात मला फरपटत नेत होतं. आपल्याच लेखणीने माणसाने स्वतःचा असा कोथळा काढू नये.

मी उठलो तेव्हा कप्तान माझ्याकडे येत होते. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"ते नाकाने 'सूं' करतात, ते काय आहे?"

"श्वास, कप्तान. दीर्घ श्वास. माझंच कलम आहे, मला माफ करा."

"माफी राहू दे. सगळे एकदम घेतात?"

"एकदमच. तसं लिहिलंय."

"आणि घेताना ओढतात?"

"छे! सोडताना ओढायचं. घेताना..." मी थांबलो. कप्तान माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे. आठच्या आठ जण श्वास घेत असताना पलीकडे कुणीच ओढत नव्हतं. अकरा कलमांत ही गोष्ट लिहायची माझ्याकडून राहून गेली होती.

"मी 'आत्ता' म्हणेन," कप्तान म्हणाले. "तेव्हा जीव काढायचा. तोपर्यंत नुसतं खाली बसा."

दुसऱ्या फेरीत आम्ही बसलो. खरंच बसलो! गच्चीवरचे बारा दिवस कमरेत होते. हिसका आला, आम्ही हललो, पण उठलो नाही. मग कप्तानांचा आवाज आला, "आत्ता!" आणि आम्ही आठ जण, कुणी श्वास घेत, कुणी सोडत, कुणी मध्येच खोकत, एकदम मागे पडलो. हातभर दोर आमच्याकडे आला. पुन्हा सूं, पुन्हा "आत्ता!" पाच वेळा. रेषा त्यांनी ओलांडली. पडल्या पडल्या सात पाठींच्या कडेने मी पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला आपल्याकडे येताना बघितलं, आणि ते काय असतं ते लगेच कळेना.

पण शेरेबहाद्दर काही दुधखुळे नव्हते. त्यांना आमची युक्ती समजली. तिसऱ्या फेरीआधी त्यांनी आपल्या लोकांना जवळ घेतलं आणि फर्मान काढलं, कुणीही श्वास घ्यायचा नाही.

रुमाल पडला. दोर ताठ झाला आणि तसाच राहिला. ना इकडे, ना तिकडे. माझी पाठ आधी कुरकुरली, मग ओरडायला लागली. मी टाच रोवली. बाईंचा हळू आवाज डोक्यात घुमत होता, की खाली, अजून खाली. मी इतका खाली गेलो की गवत मांडीला टोचायला लागलं. पुढून कप्तान आम्हाला सांगत होते, "थांबा... लाल झाले... थांबा... जांभळे झाले..." माणूस श्वास धरून धरून किती धरणार? मीच आता सोडतो की काय असं वाटत असताना पलीकडून आठ नाकांचा एकदम, मैदानभर ऐकू जाणारा, 'सूंऽऽ' असा आवाज आला.

"आत्ता!"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी आकाशाकडे बघत उताणा पडलो होतो, दोर कमरेला तसाच, आणि पाठ पुन्हा धरली होती. सगळीकडे आरडाओरडा. मास्तरांची शिट्टी वाजत होती. ते कधी आले होते, कुणास ठाऊक. शेरेबहाद्दर गवतावर बसून सगळ्यांच्या वाट्याचा राहिलेला श्वास घेत होते.

कप्तान गर्दीतून आले आणि माझ्याशेजारी गवतावर बसले. त्यांचे दोन्ही तळहात सोलवटले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"जिंकलो का रे?" त्यांनी विचारलं.

"जिंकलो, कप्तान."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या डोळ्यांसमोर."

ते माझ्या कानाशी वाकले. "अकरा वर्षं मी घरी जातो आणि ही दार उघडता उघडता विचारते, 'हरलात ना?' आज सांगितलं तरी तिला खरं वाटायचं नाही. तू मला लेखी दे."

मला उठता येत नव्हतं. पडल्या पडल्याच मी खिशातला तो हिरव्या शाईचा कागद काढला, उलटा केला आणि छातीवर धरून लिहिलं. बावीस वर्षांत इतकी छोटी टिपणी मी लिहिली नव्हती. अक्षर माझं वाटत नव्हतं. 'आज आपले यजमान रस्सीखेचीत जिंकले.' खाली सही केली, हुद्दा लिहिला, तारीख टाकली.

कप्तानांनी कागद दोन सोललेल्या बोटांत धरून दोनदा वाचला. मग माझ्यासमोर परत धरला.

"'ओढून' हा शब्द घाल," ते म्हणाले. "नाहीतर ती म्हणेल, समोरचे आलेच नसतील."

माझ्या मसुद्यात कुणी शब्द बदललेला मला आजवर खपलेला नाही. मी 'ओढून' घातला.